सुट्टी राज्याची, रजा कोणाची?

नोव्हेंबरची पहिली तारीख उजाडली, की बेळगाव शहरात एकाच दिवसाचे दोन चेहरे दिसू लागतात. एका बाजूस लाल-पिवळे ध्वज, चित्ररथ आणि कर्नाटक राज्योत्सवाचा जल्लोष. दुसऱ्या बाजूस दंडावर काळ्या फिती आणि महाराष्ट्र एकीकरण समितीची निषेध फेरी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अंमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली याच तारखेस त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली याच तारखेस बेळगावचे ‘बेळगावी’ झाले. शासनाने एकेक मंगल कार्य या दिवशी उरकावे आणि सीमाभागातील मराठी माणसाने प्रत्येक वेळी जुन्या जखमेवरची खपली निघाल्याची वेदना सोसावी, असा हा क्रम आहे.

परंतु आज आम्ही लिहावयास बसलो आहोत ते सीमाप्रश्नाच्या इतिहासाविषयी नव्हे. तो इतिहास आमच्या वाचकांस पाठ आहे. या दिवसाची एक बाजू सहसा कोणी पाहत नाही, तिच्याकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे. १ नोव्हेंबर हा कर्नाटकात उत्सवाचा वा निषेधाचा दिवस असेल. पण कायद्याच्या भाषेत तो सर्वप्रथम भरपगारी सुट्टीचा दिवस आहे. कर्नाटक औद्योगिक आस्थापना (राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्या) अधिनियम १९६३ साली झाला. त्यानुसार कामगाराला वर्षातून दहा भरपगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यांपैकी पाच ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. उरलेल्या पाच सणांच्या. त्या कामगार आणि मालक या दोघांच्या विचाराने ठरावयाच्या. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलेच, तर दुप्पट वेतन द्यावे, अथवा त्या दिवसाचे वेतन देऊन वर बदली सुट्टी द्यावी.

न्यायाने बोलावयाचे तर हा कायदा कंजूष नाही. कोगनोळीचा नाका ओलांडून पलीकडे गेले, की महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यात सणांच्या भरपगारी सुट्ट्या आठ आहेत. अलीकडे दहा, पलीकडे आठ. ज्यांना कर्नाटकात काहीच चांगले दिसत नाही, त्यांनी ही गोष्टही नोंदवून ठेवावी. परंतु आकड्यांच्या आड एक गंमत दडलेली आहे. १ मे हा पलीकडे महाराष्ट्र राज्याचा जन्मदिवस आहे. अलीकडे तो केवळ कामगार दिन आहे. म्हणजे निपाणीच्या मराठी कामगाराला १ मे ची सुट्टी मिळते, पण ती कामगार म्हणून, मराठी म्हणून नव्हे; आणि १ नोव्हेंबरची मिळते, ती त्याने कधीही न मागितलेल्या आनंदाप्रीत्यर्थ! बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीत एकाच भट्टीपाशी घाम गाळणारे दोन सोबती त्या दिवशी दोन दिशांना जातात. एक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत नाचतो, दुसरा निषेध फेरीत मुकाट चालतो. मालकाच्या हजेरीपुस्तकात मात्र दोघांच्याही नावापुढे ‘सुट्टी’ हा एकच शब्द असतो. कायद्याने त्या दोघांना एकच दिवस दिला. त्याचे काय करावयाचे हे ज्याच्या त्याच्या मनावर सोडले. आमच्या मते यात शहाणपण आहे. सुट्टी देणाऱ्याने त्या दिवसाचे वेतन द्यावे. मनाचा हिशेब मागू नये.

आता या दोघांपलीकडच्या तिसऱ्या व्यक्तीकडे वळू. निपाणी ही तंबाखूची पेठ. तेथील वखारींत तंबाखू झोडणाऱ्या, चाळणाऱ्या बायका आणि घरच्या उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, यांच्या बोटांवर त्या गावाची श्रीमंती उभी राहिली. १ नोव्हेंबरला त्या बाईच्या घरात काय होते? सकाळी पाने भिजवलेली असतात, ती कापली जातात, तंबाखू भरली जाते, दोरा गुंडाळला जातो आणि संध्याकाळपर्यंत हजाराचा आकडा गाठावयाचा असतो. तिची मजुरी हजार विड्यांवर असते. विडी वळली तर पैसा. हात थांबला तर खाडा. तिला राज्योत्सवाची सुट्टी नाही आणि काळ्या दिनाचीही नाही. दिवाळीच्या पाडव्याला नाही, गुढीपाडव्याला नाही. ज्या दिवसावरून गेली सात दशके दोन भाषांची माणसे भांडत आहेत, तो दिवस तिच्या पंचांगात उगवतच नाही.

येथे सुट्टी आणि रजा यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. सुट्टी ही समाजाची असते. सण, राष्ट्र, राज्य यांच्या नावाने ती सर्वांना एकदम मिळते. रजा ही माणसाची असते. मूल आजारी पडले, माहेरी भावाचे लग्न निघाले, अंग मोडून आले, म्हणून तो एकटा ती घेतो. सुट्टीने राज्याची शोभा वाढते. रजेने माणसाचे आयुष्य वाढते. आणि या दोहोंपैकी कोणतीही गोष्ट आपल्याकडे कोणी मेहरबानी म्हणून दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस यंत्र चाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्ज केले; आणि जून १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा वार खरा. पण तो आमच्या खंडोबाचाही वार. आज जो बाबू रविवारी दुपारी जेवून लवंडतो, त्याने लोखंड्यांचे स्मरण करावे. ती वामकुक्षी त्यांच्या सहा वर्षांच्या खटपटीचे फळ आहे.

विडी वळणाऱ्या बाईला कायद्याने वाऱ्यावर सोडले होते, असे मात्र म्हणता येणार नाही. १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात एक फार मोठी गोष्ट होती. कारखान्यात बसणारा कामगार आणि मालकाकडून वा ठेकेदाराकडून पाने-तंबाखू नेऊन घरी विड्या वळणारी बाई, या दोघांना त्या कायद्याने ‘कामगार’ या एकाच व्याख्येत बसविले. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, हा दर ठरविला. बाळंतपणाच्या लाभाचा कायदा घरी काम करणाऱ्या बाईलाही लागू केला. मालकांनी या कायद्यास आव्हान दिले. परंतु १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मूलतः वैध ठरविला. कागदावर याहून अधिक काय हवे?

पण कागद आणि उंबरा यांच्यामध्ये ठेकेदार बसलेला आहे. वीस दिवसांमागे एक दिवस हे गणित मांडावयाचे, तर आधी वीस दिवस मोजले गेले पाहिजेत. ज्या बाईचे नाव मालकाच्या पुस्तकात नाही, किंवा जिच्या कामाची नोंद दुसरीच्या नावावर पडते, किंवा जिला कधी पाने मिळतात, कधी ‘आज माल नाही’ असे ऐकून परतावे लागते, तिचे दिवस मोजणार कोण? सासू, सून आणि मुलगी तिघी मिळून वळतात आणि कार्ड असते एकीचे. मालक म्हणतो, ही बाई ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, ही बाई घरकाम सांभाळून फावल्या वेळात विड्या वळते. बारा-बारा तास वळूनही ज्याला ‘फावला वेळ’ म्हणतात, त्या वेळेला रजा कशी लागू व्हावी? काम आहे हेच जेथे मान्य नाही, तेथे विश्रांतीचा हक्क कोठून यावयाचा!

निपाणीच्या बायकांनी हे सारे निमूट सोसले, असेही नाही. ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर तेथील तंबाखू वखारींतील स्त्रिया संघटित झाल्या. वखारीचा दरवाजा आतून बंद, हवेत तंबाखूचा खकाणा, मुकादमाची दमदाटी, यांविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या या लढ्यावर ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने १९८२ साली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ नावाचा माहितीपट काढला. त्याच काळात, १९८१ साली, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीला पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला; ६ एप्रिल १९८१ रोजी तेथे गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. या दोन्ही लढ्यांचे एक वैशिष्ट्य आम्हांस महत्त्वाचे वाटते. त्यांत मराठी किती आणि कानडी किती, याची मोजदाद कोणी केली नाही. तंबाखूला भाव हवा होता, मजुरी हवी होती, माणूस म्हणून वागणूक हवी होती. पोटाला जी भाषा कळते, तिला सीमा नसते.

आता कायद्याचे पान पुन्हा उलटले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता अंमलात आणल्या आणि १९६६ चा विडी कामगारांचा कायदा, १९४८ च्या कारखाने कायद्यासह, त्यांत विलीन झाला. वर्षात २४० दिवस भरल्यावाचून कारखान्यातील कामगाराला वार्षिक रजा मिळत नसे. नव्या संहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. हे पाऊल पुढचे आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने आणखी एक आदेश काढला. त्यानुसार १८ ते ५२ वयाच्या नोकरदार स्त्रियांना मासिक पाळीसाठी महिन्यास एक, म्हणजे वर्षाकाठी बारा दिवस भरपगारी रजा मिळावयाची. कारखाने, दुकाने, मळे यांच्या जोडीने विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्याखालील आस्थापनांचाही त्यात उल्लेख होता. आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, तो भाग वेगळा. पण योगायोग पाहा: ज्या कायद्याच्या आधारे निपाणीच्या बाईला ही रजा द्यावयाची, तो कायदाच त्या महिन्यात संहितेच्या पोटात गेला. आदेश स्वागतार्ह खरा. परंतु जिला वीस दिवसांमागचा एक दिवस कधी मिळाला नाही, तिला हे बारा दिवस कोण देणार आणि कोणत्या वहीत लिहून देणार, हा आमचा साधा प्रश्न आहे.

या संदर्भात आम्हांस दूरच्या एका देशाची आठवण होते. उत्तर आफ्रिकेतील अल्जीरिया देशातही १ नोव्हेंबर ही राष्ट्रीय सुट्टी आहे. १९५४ साली त्याच दिवशी फ्रेंच सत्तेविरुद्ध तेथे स्वातंत्र्ययुद्धाचा वणवा पेटला. स्वतंत्र झाल्यावर त्या राष्ट्राने अरबी ही एकच राष्ट्रभाषा मानली आणि त्या भूमीवर शतकानुशतके नांदणाऱ्या बर्बर, म्हणजेच अमाझिग लोकांच्या भाषेस दाराबाहेर उभे केले. त्या लोकांनी दीर्घकाळ झुंज दिली, प्राणही वेचले. अखेर २००२ साली त्यांची तमाझिग्त भाषा राष्ट्रभाषा म्हणून आणि २०१६ साली राजभाषा म्हणून मान्य झाली. २०१८ पासून त्यांचा नववर्षदिन, १२ जानेवारी, साऱ्या देशासाठी भरपगारी सुट्टीचा ठरला. शेजारच्या मोरोक्कोच्या राजानेही २०२३ साली तसाच निर्णय केला आणि २०२४ पासून १४ जानेवारीची सुट्टी सुरू झाली. अल्जीरियाच्या १९९० च्या श्रमकायद्याने कामगाराला महिन्यास अडीच दिवस, म्हणजे वर्षास तीस दिवसांपर्यंत रजा दिलेली आहे. दक्षिणेकडील वाळवंटी प्रांतांत कष्ट अधिक म्हणून तेथे आणखी किमान दहा दिवस. त्या देशांत सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्हांस घ्यावयाचे ते दोन धडे. दूर सारलेल्या भाषेच्या माणसांना त्यांचा एक दिवस दिल्याने राज्य खिळखिळे होत नाही, उलट त्याचा पाया रुंदावतो. आणि जेथे कष्ट अधिक तेथे रजा अधिक, हा न्याय वाळवंटातही सुचतो.

आपल्याकडे मात्र उलटा न्याय आहे. सरकारी कचेरीत रविवार तर आहेच, शिवाय दुसरा शनिवार आहे, चौथा शनिवार आहे, सणवार आणि जयंत्या आहेत, वर किरकोळ रजा आहे. ते त्या नोकरांनी झगडून मिळविले आहे; त्यांच्या ताटातील घास काढून घ्या, असे आम्ही सुचवीत नाही. पण सावलीत बसणाऱ्याला सुट्ट्या आणि तंबाखूच्या खकाण्यात बसणारीला खाडा, हे गणित कोणत्या भाषेत न्याय्य ठरते? कानडीत की मराठीत?

हा प्रश्न आम्ही केवळ कर्नाटक सरकारला विचारीत नाही. महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात सीमाभागासाठी दावा दाखल केला. १९६७ च्या महाजन आयोगानेही निपाणी महाराष्ट्रास द्यावी असे म्हटले होते. बेळगाव नाकारले म्हणून महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. दावा चालो, निकाल लागो. सीमाभागाने महाराष्ट्रात जावे ही तेथील मराठी जनतेची इच्छा आम्ही न्याय्य मानतो आणि मानीत राहू. परंतु समितीच्या नेत्यांना आम्ही स्नेहाने एक विचारतो. वर्षातून एक दिवस आपण काळ्या फिती लावून हजारो माणसे रस्त्यावर आणता. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत निपाणीच्या किती विडी कामगार बायकांच्या रजेचा हिशेब मागण्यास आपण कामगार खात्याच्या कचेरीत गेलात? जी माणसे आपल्याबरोबर महाराष्ट्रात यावीत असे आपणांस वाटते, त्यांच्या आजच्या मजुरीची आणि विश्रांतीची चौकशी हाही सीमालढ्याचाच भाग आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते हे खरे. पण पुढाऱ्याला ते न कळून चालत नाही.

आणि आम्ही गोमंतकीयांनी तरी हात झटकावेत काय? चोर्ला घाट उतरून बेळगावचे दूध आणि भाजी रोज पहाटे आमच्या दारात येते. त्याच वाटेने खानापूर-बेळगावची माणसे कामासाठी गोव्यात येतात. १० मे २०२३ रोजी कर्नाटक विधानसभेचे मतदान होते, तेव्हा गोवा सरकारने तेथील मतदारांना भरपगारी सुट्टी जाहीर केली. लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदानाच्या दिवशीच्या भरपगारी सुट्टीची तरतूद आहेच. तरीही येथल्या उद्योजकांनी केवढी ओरड केली! एका दिवसाच्या उत्पादनाचा हिशेब त्यांनी तत्काळ मांडला. वर्षभर चतुर्थीलाही गावी जाऊ न शकलेल्या कामगाराचा हिशेब कोणी मांडला नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी आपले भवितव्य मतपेटीतून ठरविण्याची संधी आम्हांस मिळाली. कौल कोणास रुचला, कोणास नाही, पण विचारले तरी गेले. सीमाभागातील माणसाला ते कधीच कोणी विचारले नाही. त्याला निदान मत देण्यासाठी एक दिवस मोकळा मिळाला, तर आमच्या कारखान्यांची चाके कायमची थांबणार नाहीत.

म्हणून आमच्या सूचना स्पष्ट आहेत. एक: सणांच्या पाच सुट्ट्या ठरविताना सीमाभागातील कारखान्यांनी कामगारांचे मत खरोखर घ्यावे, मालकाने यादी लिहावी आणि कामगाराने अंगठा उठवावा, याला विचारविनिमय म्हणत नाहीत. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात. मराठी आणि कानडी कामगारांची पहिली सामाईक सुट्टी पंचांगानेच ठरवून ठेवली आहे. बेळगावची शिवजयंती वैशाखात तिथीने होते. मराठी कामगारांनी ती मागितली तर ती यादीत यावी आणि बसवजयंती हवी असणाऱ्यांनाही ती मिळावी. दोन: सुट्ट्यांची यादी आणि रजेची वही कानडीबरोबर मराठीतही असावी. भाषिक अल्पसंख्य लोकसंख्येच्या पंधरा टक्क्यांवर असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, हे केंद्राने १९५६ सालीच मान्य केले आहे. जो हक्क वाचता येत नाही, तो मागता येत नाही. तीन: घरी विड्या वळणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाती तिच्या स्वतःच्या नावाची वही असावी, रोज दिलेली पाने, घेतलेल्या विड्या आणि साठत गेलेली रजा तिच्यात लिहिली जावी, आणि न घेतलेल्या रजेचे पैसे वर्षअखेर मूळ मालकाने द्यावेत. ठेकेदाराच्या आड त्यास लपू देऊ नये. चार: १ नोव्हेंबरची सुट्टी सर्वांना मिळो, पण त्या दिवशी कोणी आनंद करावा आणि कोणी मूक राहावे, यांत सरकारने पडू नये. शांततेने काढलेल्या फेरीला परवानगी नाकारणे म्हणजे सुट्टी देऊन दिवस काढून घेणे होय.

सीमाप्रश्नाचा निकाल आज लागेल की आणखी एका पिढीनंतर, हे न्यायदेवतेच्या हाती आहे. परंतु वीस दिवसांच्या कष्टामागे एक दिवस विसावा, हा निकाल १९६६ सालीच लागलेला आहे. त्याची अंमलबजावणी करावयास ना सीमा सरकवावी लागते, ना नकाशा बदलावा लागतो. एक वही आणि ती तपासणारा एक प्रामाणिक अधिकारी पुरेसा आहे. ज्या संध्याकाळी निपाणीची एखादी बाई सूप बाजूला ठेवील आणि ‘आज माझी रजा आहे’ असे म्हणेल, ती संध्याकाळ कोणत्याही राज्याच्या उत्सवाहून आम्हांस मोठी वाटेल.